काम परदेशात जातं म्हणजे नेमकं काय जातं?

आउटसोर्सिंग आणि ऑफशोरिंग हे दोन शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो, त्यामुळे आधी तेवढं उरकून घेऊ. आउटसोर्सिंग म्हणजे काम दुसऱ्या कंपनीला देणं, मग ती कंपनी शेजारच्या बिल्डिंगमध्ये का असेना. ऑफशोरिंग म्हणजे काम दुसऱ्या देशात नेणं, मग तिथे बसलेली माणसं तुमच्याच पगारावर का असेनात. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगलोरला स्वतःचं सेंटर काढलं, ते ऑफशोरिंग होतं पण आउटसोर्सिंग नव्हतं. १९८९ मध्ये कोडॅकने आपली डेटा सेंटर चालवायचं काम आयबीएमला देऊन टाकलं, ते आउटसोर्सिंग होतं पण देशातल्या देशात. टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांनी जो धंदा उभा केला त्यात दोन्ही एकत्र आले, काम दुसऱ्या कंपनीतही गेलं आणि दुसऱ्या देशातही. हा फरक लक्षात ठेवा, प्रोग्रामरच्या आयुष्यावर होणारा परिणाम या दोन्हींत बराच वेगळा आहे, त्यावर पुढे येतोच.

सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांगतो. १९७४ मध्ये टीसीएसने बरोज या अमेरिकन कॉम्प्युटर कंपनीबरोबर काम सुरू केलं, तेव्हा एफ. सी. कोहली टीसीएस चालवत होते. त्या काळात भारतात कॉम्प्युटर आयात करायचा म्हणजे परवान्यांचे हेलपाटे आणि वर अट अशी की परकीय चलन खर्च करताय तर ते कमवूनही दाखवा, मग कमवायचं कशातून तर सॉफ्टवेअर लिहून. पण लिहून पाठवणार कसं, लाइन धड नव्हत्या, त्यामुळे प्रोग्रामरलाच विमानात बसवून क्लायंटच्या ऑफिसात पाठवायचे. याला बॉडी शॉपिंग म्हणायला लागले, शब्द कानाला वाईट लागतो पण व्यवहार तसाच होता, माणूस तासाच्या हिशोबाने भाड्याने. पुढे सॅटेलाइट लिंक आल्या, १९९१ मध्ये सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कची योजना सुरू केली, कंपन्यांना डेटा लिंक आणि करात सवलत मिळायला लागली, आणि माणूस इथेच बसवून फक्त कोड पाठवणं जमायला लागलं.

मग आलं वायटूके. कोबोल नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असायचं, ९८, ९९, आणि २००० आलं की ते ०० होणार, म्हणजे व्याज, वय, मुदत सगळ्यांचे हिशोब चुकणार. लाखो ओळी वाचून तारखा शोधायच्या, दुरुस्त करायच्या, टेस्ट करायच्या. या कामाचा स्वभाव बघा जरा. काय करायचंय ते आधीच ठरलेलं, त्यावर वाद नाही, डेडलाइन कॅलेंडरनेच दिलेली, काम कंटाळवाणं आणि प्रचंड. हजारो मैल लांब बसलेल्या माणसाला देता येईल असं याहून सोपं काम शोधून सापडलं नसतं. २००० नंतर डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला, अमेरिकेत बजेट कापली गेली, पण तोपर्यंत बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांना सवय झाली होती आणि ओळखीही झाल्या होत्या, त्यामुळे काम कमी व्हायच्या ऐवजी वाढलं.

आता हिशोब. लोक म्हणतात "तिकडे ७५ डॉलर तासाला, इकडे २५, विषय संपला." मी हे आकडे फक्त समजावण्यासाठी घेतोय, खरे रेट कंपनी आणि कामाप्रमाणे बदलतात. तर समजा दहा जणांची टीम आहे. सगळे तिकडे असते तर तासाला ७५० डॉलर. सगळे इकडे असते तर २५०, म्हणजे दोन तृतीयांश बचत. पण सगळे इकडे बसवता येत नाहीत, कारण क्लायंटशी बोलायला, त्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायला कुणीतरी तिकडे लागतं, त्याला आपण ऑनसाइट म्हणतो. धरा तीन ऑनसाइट आणि सात ऑफशोर. तीन गुणिले ७५ म्हणजे २२५, सात गुणिले २५ म्हणजे १७५, एकूण ४००. बचत निम्म्याच्याही थोडी खाली आली. त्यात कॉन्ट्रॅक्ट सांभाळणारी माणसं धरा, केटीचे, म्हणजे नॉलेज ट्रान्सफरचे, जुन्या माणसाकडून सिस्टम समजून घ्यायचे महिने धरा, चुकीचं समजून चुकीचं बांधलेलं परत बांधायचा खर्च धरा, सहा महिन्यांनी सोडून गेलेल्याच्या जागी आलेल्या नव्या माणसाला परत शून्यापासून शिकवायचा वेळ धरा. बचत उरते, बऱ्याचदा चांगली उरते, नाहीतर पन्नास वर्षं हा धंदा चाललाच नसता. पण ज्या पॉवरपॉइंटवर निर्णय होतो तिथे पहिलाच आकडा असतो, आणि नंतर हिशोब जुळला नाही की "तिकडचे प्रोग्रामर चांगले नाहीत" असा निष्कर्ष निघतो. हे मला मनापासून खटकतं, कारण मी दोन्ही बाजूंची चांगली माणसंही बघितलीत आणि कामचुकारही, आणि त्यांचं प्रमाण पासपोर्टवर ठरत नाही.

मग बिघडतं कुठे? माझ्या मते एकाच ठिकाणी. लिहून देता येईल तेवढंच काम लांब जातं. जे लिहिता येत नाही ते जात नाही, मध्येच सांडतं.

माझ्या स्वतःच्या कामातली गोष्ट सांगतो. नोकरीला दोन वर्षं झाली होती, एका विमा कंपनीची जुनी सिस्टम आम्ही ताब्यात घेत होतो आणि सहा आठवडे केटी चालू होती, म्हणजे तिकडचा माणूस रोज कॉलवर सिस्टम समजावून सांगायचा आणि आम्ही डॉक्युमेंट बनवायचो. बावीस वर्षं त्या सिस्टमवर होते ते गृहस्थ. केटी संपली की त्यांची नोकरी संपणार हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही माहीत होतं, त्यावर कुणी कधी बोललं नाही. शेवटच्या दिवशी रेकॉर्डिंग बंद झालं, बाकीचे लोक कॉलवरून गेले, आणि ते मला म्हणाले, पॉलिसी टेबलमध्ये एक स्टेटस सात आहे, डॉक्युमेंटमध्ये तो 'बंद' असा लिहिलाय ना, तसा तो नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीने दुसरी एक छोटी कंपनी घेतली होती, तिच्या काही पॉलिसींचे पैसे मयत माणसाच्या बायकोला दर महिन्याला जायचे, त्या प्रकाराला आपल्या सिस्टममध्ये जागा नव्हती म्हणून कुणीतरी सात हा न वापरलेला कोड घेतला आणि रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली. आमच्या प्लॅनमध्ये बंद पॉलिसी साफ करायचं काम होतं, पहिल्याच तिमाहीत. ते बोलले नसते तर आम्ही त्या सगळ्या बायकांचे पैसे थांबवले असते आणि आमच्या डॉक्युमेंटप्रमाणे आम्ही बरोबरच असतो.

त्यांनी ते आधी का सांगितलं नाही असं मला कुणी कुणी विचारलं. विचारलंच नव्हतं आम्ही, आणि काय विचारायचं हे आम्हाला कळणार तरी कसं होतं? बावीस वर्षांचं ज्ञान सहा आठवड्यांत उतरवून घेता येतं असं ज्याने ठरवलं त्याला बहुतेक प्रोग्रामिंग म्हणजे टायपिंगच वाटत असावं.

दुसरी अडचण वेळेची. भारत आणि न्यूयॉर्क यांत उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो, कॅलिफोर्निया असेल तर आणखी तीन तास मिळवा. तुम्हाला सकाळी दहाला एक शंका आली तर ती विचारायला संध्याकाळ उजाडते, उत्तर अर्धवट आलं तर दुसरी संध्याकाळ, तीन उलट प्रश्न झाले की तीन दिवस गेले. एका खोलीत बसलेल्या माणसांचं हेच बोलणं चहा संपायच्या आत होतं. "ते झोपतील तेव्हा आपण काम करू, चोवीस तास काम चालू" हे ऐकायला भारी वाटतं आणि सपोर्टच्या कामात खरंही आहे, रात्री सर्व्हर पडला तर इकडे दिवस असतो, कुणीतरी जागं असतं. पण जिथे विचार करत करत बांधायचंय तिथे तो फरक वाट बघण्यातच जातो. मग माणूस काय करतो, वाट बघत बसण्यापेक्षा अंदाज बांधतो आणि पुढे जातो, आणि चुकीचे अंदाज तीन महिन्यांनी टेस्टिंगमध्ये सापडतात. अमेरिकन कंपन्या मेक्सिको, कोस्टा रिका, अर्जेंटिना इथे आणि युरोपातल्या कंपन्या पोलंड, रोमानियात काम का देतात त्याचं मोठं कारण हेच आहे, रेट जास्त असला तरी घड्याळ जुळतं.

मेल्विन कॉनवे नावाच्या प्रोग्रामरने १९६८ मध्ये एक निरीक्षण मांडलं होतं, की एखादी संस्था जी सिस्टम बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या बोलण्याच्या वाटांसारखीच होते. चार टीम एक कंपायलर, म्हणजे लिहिलेला कोड कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्राम, बनवायला बसल्या तर चार टप्प्यांचा कंपायलर बनतो. हे ऑफशोर प्रोजेक्टला लावून बघा. ज्या दोन टीम एकमेकींशी आठवड्यातून एकदाच बोलतात त्यांनी लिहिलेले दोन भाग पण एकमेकांशी तसेच तुटक बोलतात, मधल्या भागात सगळे बग. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, मी असले सांधे इतके बघितलेत की नुसता कोड वाचून सांगता येतं इथे टाइम झोन बदललाय.

कॉन्ट्रॅक्टचा प्रकारही यात गुपचूप काम करतो. तासावर बिलिंग असेल तर दहा तासांचं काम दोन तासांत करणाऱ्या हुशार मुलीमुळे कंपनीचं बिल कमी होतं, म्हणजे ऑटोमेशन करायला कुणाला उत्साहच नाही. ठरलेल्या किमतीचं कॉन्ट्रॅक्ट असेल तर उलटं, प्रत्येक छोट्या बदलावर "हे स्कोपमध्ये नाही", म्हणजे ठरलेल्या कामात बसत नाही, म्हणून भांडण.

आता तिकडच्या प्रोग्रामरचं काय झालं ते बघू. फेब्रुवारी २००४ मध्ये बुश सरकारचे आर्थिक सल्लागार ग्रेगरी मॅनकिव्ह म्हणाले की आउटसोर्सिंग हा व्यापाराचाच नवा प्रकार आहे आणि दीर्घकाळात अर्थव्यवस्थेला बहुधा फायद्याचाच आहे. दोन्ही पक्ष त्यांच्यावर तुटून पडले. अर्थशास्त्र म्हणून ते बरोबर असतीलही, पण फायदा सगळ्यांमध्ये थोडा थोडा वाटला जातो आणि तोटा मात्र ठरावीक माणसांच्या घरात पूर्णच्या पूर्ण जाऊन पडतो, आणि 'दीर्घकाळ' म्हणजे घराचा हप्ता भरायची तारीख नसते. त्यातही एक फार बोचणारी गोष्ट घडली. अमेरिकेत आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांना प्रशिक्षण आणि भत्ता देणारी जुनी योजना होती. सॉफ्टवेअरवाल्यांनी अर्ज केले तर कामगार खात्याने सांगितलं की तुम्ही 'वस्तू' बनवत नाही, सॉफ्टवेअर हातात धरता येत नाही, सबब मदत नाही. लोक कोर्टात गेले, २००६ मध्ये खात्याने भूमिका बदलली आणि २००९ च्या कायद्याने सेवा क्षेत्रातल्या लोकांनाही त्यात घेतलं. तोपर्यंत कितीतरी वर्षं गेली होती.

२०१५ मध्ये डिस्नेची बातमी गाजली. फ्लोरिडातल्या सुमारे २५० टेक कर्मचाऱ्यांना काढलं आणि त्यांतल्या काहींना जाण्याआधी आपल्या जागी येणाऱ्या, एच वन बी या अमेरिकेत काम करण्याच्या तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना शिकवायला लावलं. ती बातमी वाचताना मला ते विमा कंपनीतले गृहस्थ आठवले आणि हेही आठवलं की शिकणाऱ्याच्या खुर्चीत मी बसलो होतो. त्या व्हिसाचं गणितही समजून घ्या. १९९० च्या कायद्याने वर्षाला ६५ हजारांची मर्यादा घातली, डॉटकॉमच्या काळात ती वाढवत १ लाख ९५ हजारांवर नेली, २००४ च्या आर्थिक वर्षापासून परत ६५ हजार, नंतर त्यावर तिकडे मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २० हजार. व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला असतो, नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधा नाहीतर देश सोडा, त्यामुळे असा माणूस पगारासाठी घासाघीस करत नाही, रात्री उशिरापर्यंत थांब म्हटलं तर थांबतो. तिकडचे लोक म्हणतात याने आमचे पगार दाबले. त्याला स्वतःला विचाराल तर तो म्हणेल मला तरी कुठे पर्याय होता.

पण तिकडे सगळ्याच प्रोग्रामरच्या नोकऱ्या गेल्या का? नाही, आणि इथे मला सगळ्यात जास्त अर्थ दिसतो. अमेरिकेचं कामगार खातं 'कॉम्प्युटर प्रोग्रामर' आणि 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवतं. पहिला म्हणजे दुसऱ्याने केलेलं डिझाइन घेऊन कोड लिहिणारा, दुसरा म्हणजे काय बांधायचं आणि कसं बांधायचं हे ठरवणारा. २००० च्या सुमारास पहिल्या प्रकारचे पाच लाखांच्या वर होते, आता दीड लाखाच्याही खाली आहेत. दुसऱ्या प्रकारचे वाढत वाढत सोळा लाखांच्या पुढे गेलेत. सगळं ऑफशोरिंगमुळे झालं असं अजिबात नाही, टूल्स बदलली, पदांची नावं बदलली, पण दिशा तीच दिसते, लिहून देता येण्यासारखं काम गेलं आणि ठरवायचं काम राहिलं.

मग अडचण काय? ठरवणारा माणूस तयार कसा होतो ते आठवा. तो आधी बग दुरुस्त करतो, छोटे रिपोर्ट लिहितो, टेस्ट लिहितो, चुका करतो, शेजारी बसलेल्या सीनियरचं ऐकतो, आणि पाच-सात वर्षांनी त्याला कळायला लागतं की स्टेटस सात म्हणजे काय. ऑफशोरिंगने ही शिडी मधोमध तोडली. वरच्या पायऱ्या तिकडे ठेवल्या, खालच्या इकडे आणल्या. तिकडच्या कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाला वर चढायला खालच्या पायऱ्याच नाहीत, सगळीकडे पाच वर्षांचा अनुभव मागतात. आणि इकडचा मुलगा खालच्या पायऱ्या भराभर चढतो आणि मग वर हात घालतो तर वर काहीच नाही, ते निर्णय दुसऱ्या खंडात होतात.

इकडच्या बाजूबद्दल मला जास्त बोलायचंय कारण आपल्याकडे यावर एकतर निव्वळ अभिमान असतो नाहीतर निव्वळ रडगाणं. आधी मिळालं काय ते. भारतातल्या या उद्योगात आज ५० लाखांहून जास्त लोक थेट नोकरी करतात, आणि त्यांतले कितीतरी असे आहेत ज्यांच्या घरात आधी कुणी ऑफिसची पायरी चढलेलं नव्हतं. मुलींनी रात्रीची शिफ्ट करून घरं घेतली. हे खरं आहे आणि ते कुणी कमी लेखू नये.

पण हा धंदा पिरॅमिडवर चालतो. क्लायंट टीमचा मिळून रेट देतो, त्यामुळे खाली जितके जास्त फ्रेशर तितका नफा जास्त, आणि दहा वर्षं अनुभवाचा, अजून मनापासून कोड लिहिणारा माणूस त्या हिशोबात महाग पडतो. म्हणून त्याला मॅनेजर करतात. त्याला एक्सेल शीट आणि वीस माणसं देतात, आणि कोड तिथेच सुटतो. फ्रेशरचा पगार मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये पंधरा-वीस वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या घरातच फिरतोय, या काळात महागाई कुठे गेली ते सांगायला नको. प्रोजेक्ट नसेल तर बेंचवर, म्हणजे पगार चालू पण रोज धाकधूक. नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड. आणि माणसाला म्हणायचं 'रिसोर्स'. "दोन रिसोर्स पाठवा, एक रिसोर्स रिलीज करा." शब्दाने काय होतं असं म्हणू नका, जो स्वतःबद्दल रोज हे ऐकतो तो हळूहळू विचारायचं सोडून देतो की आपण हे नक्की कशासाठी बांधतोय.

यातून बाहेर पडायची एक वाट सुरुवातीला सांगितलेल्या फरकात आहे. परदेशी कंपन्यांची भारतातली स्वतःची सेंटर, ज्यांना जीसीसी (ग्लोबल कॅपॅबिलिटी सेंटर) म्हणतात, ती आता १,७०० च्या वर आहेत आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक काम करतात. तिथे तुम्ही त्याच कंपनीचे असता, तोच कोड वर्षानुवर्षं तुमच्याकडे राहतो, आणि काही ठिकाणी तरी काय बांधायचं याचा निर्णयही इकडे होतो. सगळीकडे नाही. कितीतरी सेंटर फक्त नावाला वेगळी आहेत, स्वस्तातलं तेच काम फक्त स्वतःच्या बोर्डाखाली.

पायऱ्यांचं चित्र आता पुन्हा हलतंय. अमेरिकेत २०२२ पासून सॉफ्टवेअर बनवायचा खर्च एकाच वर्षात वजा करता येईना, देशातला असेल तर पाच वर्षांत आणि परदेशातला असेल तर पंधरा वर्षांत विभागून दाखवा असा करनियम लागू झाला. २०२५ मध्ये देशातल्या खर्चाला ती सवलत परत मिळाली, परदेशातल्या खर्चाचे पंधरा वर्षं तसेच राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच वन बी अर्जांवर एक लाख डॉलर फी आली, म्हणजे ऑनसाइटला माणूस पाठवणं आणखी अवघड, आणि माझ्या मते त्याने काम परत जाण्याऐवजी ऑफशोरच वाढायची शक्यता जास्त आहे. आणि या सगळ्यापेक्षा मोठं म्हणजे एआय. नीट लिहून दिलेलं काम घेऊन त्याचा कोड करून देणं हेच तर ते करतं, आणि इकडे आलेल्या पायऱ्या नेमक्या त्याच आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जवळपास १२ हजार लोक कमी करणार असं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. पंचवीस वर्षांपूर्वी तिकडच्या प्रोग्रामरने जी भीती अनुभवली ती आता इकडच्या घरांमध्ये आलीय, तेव्हा आपण त्यांना "बदल स्वीकारा" म्हणत होतो.

मला अधूनमधून नवीन मुलं विचारतात की मग या फील्डमध्ये यावं का. या, पण इंटरव्ह्यूच्या शेवटी "एनी क्वेश्चन्स" म्हणतात ना तेव्हा टेक स्टॅक, म्हणजे कुठल्या भाषा आणि टूल्स वापरता ते, विचारत बसू नका. विचारा की या सिस्टममध्ये पुढच्या वर्षी काय बदलायचं हे कोण ठरवतं आणि तो माणूस कुठे बसतो. ही सिस्टम रोज वापरणाऱ्या एखाद्या माणसाशी मला कधी बोलता येईल का तेही विचारा. बहुतेक वेळा समोरचा थोडा थांबतो आणि मग "क्लायंटची टीम बघते ते" असं काहीतरी सांगतो. नोकरीची गरज असेल तर तरीही घ्या, मीही घेतली होती, पण पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवा आणि डॉक्युमेंटमध्ये नसलेलं जे जे कळेल, कुठला कोड कुणासाठी टाकला होता, कुठली ओळ काढली तर कुणाचे पैसे थांबतात, ते त्यात लिहायला लागा.